सुख मोजू नकोस, खेपा मोज

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. गावात घरोघर नळ आला, टँकर बंद होऊन दोन उन्हाळे झाले, आणि तरी तू वही घेऊन फिरलीस तेव्हा '0 ते 10 मध्ये तुम्ही किती सुखी आहात' या प्रश्नाचं उत्तर होतं तिथेच राहिलं. पाणी सोडण्याच्या वेळेवरून वरची आळी खालच्या आळीशी बोलत नाही. एका बाईने तुला विचारलं, "नळानं काय सुख लागतंय गं?" आणि तुझी झोप उडाली. आता तू विचारतेस, समाजाचे सगळे प्रश्न उद्या सुटले तर माणसं सुखी होतील का, आणि होणार नसतील तर हे काम करायचं कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, सगळी होणार नाहीत. दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबूनच नाही. तू दोन्हींची गाठ मारून ठेवली आहेस आणि ती सोडवण्यासाठी मला एवढं लांब पत्र लिहावं लागतंय.

सुख मोजू नकोस, पाण्यासाठी घातलेल्या खेपा मोज. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

तुझा प्रश्न नवा नाही. 1826 च्या शरद ऋतूत लंडनमध्ये वीस वर्षांच्या जॉन स्टुअर्ट मिलने, पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेल्या पोराने, तो स्वतःला विचारला होता. लहानपणापासून बापाने त्याला सुधारणेच्या कामासाठीच घडवलं होतं. कायदे कसे बदलायचे, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख कसं साधायचं, याशिवाय त्या मुलाला दुसरा ध्यास नव्हता. एक दिवस त्याने मनाशी विचारलं, समज, तुला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या, तर तुला मोठा आनंद होईल का? आतून 'नाही' असं उत्तर आलं आणि त्याच्या पायाखालची जमीनच गेली. पुढे कित्येक महिने तो काळोखात होता. सावरल्यावर त्याने लिहून ठेवलं की सुखाला थेट लक्ष्य केलं तर ते हाती लागत नाही. मन दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं असलं तर ते वाटेत भेटतं. पण तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. 'नाही' हे उत्तर मिळाल्यावर त्याने सुधारणा सोडल्या नाहीत. चाळीस वर्षांनी, 1866 साली, बायकांना मताधिकार द्या असा अर्ज त्याने ब्रिटिश संसदेत मांडला. आपल्याकडे आगरकरांनी ज्या मिलचं बोट धरलं तो हाच, काळोखातून बाहेर पडल्यानंतरचा. तेव्हा 'नाही' ऐकून हातपाय गाळायचं काही कारण नाही. कामाची सुरुवात तिथून होते.

आता तुझ्या वहीकडे येऊ, कारण चूक वहीत आहे.

0 ते 10 ही शिडी हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन अभ्यासकाने साठच्या दशकात रूढ केली. जागतिक आनंद अहवालात 2018 पासून फिनलंड पहिला येतो तो याच शिडीवर. पण शिडीचा मूळ प्रश्न 'सुखी आहात का' असा नाही. 'तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य 10 वर, सर्वांत वाईट 0 वर, तुम्ही सध्या कोणत्या पायरीवर आहात' असा तो आहे. म्हणजे माणूस आपल्या आयुष्याची तुलना आपल्याच कल्पनेतल्या आयुष्याशी करतो. नळ आला की ती कल्पनाही एक पायरी वर सरकते. ज्या बाईला दोन वर्षांपूर्वी दारात पाणी हीच दहावी पायरी वाटत होती, तिला आज मुलाची नोकरी दहावी वाटते. ती पाच म्हणते, तेव्हाही पाचच म्हणाली होती. यात ती खोटं बोलत नाही आणि तुझं कामही वाया गेलेलं नाही. मोजपट्टीच सरकली. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टर्लिन यांनी 1974 साली अमेरिकेच्या आकड्यांवरून नेमकं हेच दाखवलं होतं : देश श्रीमंत होत गेला, सरासरी सुख तेवढं वाढलं नाही. त्यावर अर्थतज्ज्ञ अजून वाद घालतात. घालू देत. वाद मिटेपर्यंत पाण्याने थांबायचं कारण नाही.

शिवाय तू विचारलंस कसं? सासूसमोर विचारलंस. पावणी आली आहे, चहा टाकला आहे, अशा वेळी 'बरं चाललंय' याखेरीज कोण काय सांगणार? आणि 'सुख' हा शब्द. आपल्या बोलण्यात सुख, समाधान, बरं असणं आणि सुटका या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. डोक्यावरचा हंडा गेला की सुटका होते. तिला सुख म्हणायची सवय कुणालाच नाही. विचारायचंच असेल तर कालचं विचार : काल पाण्यासाठी किती वेळ गेला, काल पाण्यावरून कुणाशी बोलाचाली झाली का, काल दुपारी पाठ टेकायला मिळाली का, काल कशाची धास्ती होती. 'काल' म्हटलं की माणूस आठवून सांगतो. 'आयुष्य' म्हटलं की अंदाज सांगतो.

आणि त्याआधी खेपा मोज.

मोजायच्या कशा, ते नीट वाच, कारण इथेच बहुतेक जण घाई करतात. दोन दिवस निवड, एक फेब्रुवारीतला आणि एक मेच्या मध्याचा. बाजाराचा दिवस, लग्नतिथी आणि अमावास्या टाळ. पहाटे चारला विहिरीवर किंवा नळकोंडाळ्यावर जाऊन बस आणि रात्री दहापर्यंत उठू नकोस. एकटीला जमणार नाही, तिघीजणी पाळी लावा. येणाऱ्या प्रत्येकीची एक ओळ : वेळ, भांडी किती आणि केवढी, अंदाजे वय, कुठल्या वस्तीवरून आली. पोरगी शाळेच्या वयाची असेल तर खूण, बाई पोटुशी असेल तर खूण, पुरुष असेल तर खूण. पुरुष सहसा सायकल, मोटरसायकल किंवा बैलगाडी घेऊन येतो, ती खेप वेगळी मांड. रांगेचा वेळ विचारून कळत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कर. रांगेच्या शेवटी उभ्या असलेलीच्या हातात वेळ लिहून चिठ्ठी द्यायची आणि भांडं भरलं की परत घ्यायची. दिवसभरात तीसचाळीस चिठ्ठ्या जमल्या की रांगेचं खरं चित्र दिसतं.

मग वाट मोज. पावलांनी नको, चाकाने किंवा पन्नास मीटरच्या टेपने, आणि विहिरीपासून गावातल्या सर्वांत जवळच्या घरापर्यंत नव्हे, सर्वांत लांबच्या घरापर्यंत. चढ असेल तर तो लिही. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन बाई एका खेपेत साधारण 20 लिटर पाणी आणते. म्हणजे भांड्यांचं वजन धरलं नाही तरी 20 किलो. टंचाईत टँकरचा हिशेब माणशी 20 लिटरने धरतात. पाच माणसांचं घर असेल तर 100 लिटर, म्हणजे पाच खेपा. विहीर 400 मीटरवर असेल तर जाऊनयेऊन 4 किलोमीटर, त्यातले 2 ओझं घेऊन. हे रोज, गुरांचं पाणी सोडून. घरोघर नळ देणाऱ्या सरकारी जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर आहे. तेवढं पाणी डोक्यावरून आणायचं तर त्याच घराला रोज 275 लिटर, चौदा खेपा, 11 किलोमीटर लागतील. कुणीच आणत नाही. घर कमी पाण्यात भागवतं, आणि ते भागवणं म्हणजे कोण आंघोळ करणार नाही, कोणाचे कपडे राहतील, पाळीच्या दिवसांत कोण काय करेल याचे रोजचे निर्णय. ते निर्णय घेणारं डोकं आणि हंडा वाहणारं डोकं एकच असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ रांगेसकट तीस मिनिटांपेक्षा जास्त लागणारी खेप साध्या सोयीतही धरत नाहीत. तुझ्या गावात नळाआधी किती खेपा त्या रेषेच्या पलीकडे होत्या? पत्रात आकडाच नाही. सुखाचा आकडा दोन दशांशांपर्यंत आहे, आणि खेपांचा नाही! याचा मला राग आला.

नळ आल्यानंतरची मोजणी त्याच महिन्यांत करायची. मेची तुलना ऑक्टोबरशी करून लोकांनी अहवाल लिहिले आहेत. अशा तुलनेत कुठलीही योजना यशस्वी ठरते.

खेपा मोजल्या की सुखाचं काय होतं, यावर एक पक्का पुरावा आहे. मोरोक्कोतल्या टँजियर शहरात काही गरीब वस्त्यांना सार्वजनिक नळाचं पाणी फुकट मिळत होतं. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना घरात नळ घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज आणि कागदपत्रांची मदत मिळवून दिली. ज्यांना मदत दिली त्यांच्यातल्या 69 टक्क्यांनी नळ घेतला, इतरांत 10 टक्क्यांनी. 2012 साली निष्कर्ष छापून आले. आजार कमी झाले नाहीत, कारण सार्वजनिक नळाचं पाणीही शुद्धच होतं. कमाई वाढली नाही. पाण्याचं बिल मात्र वाढलं. तरी लोक म्हणाले की आम्ही आता बरे आहोत. पाण्यावरून घरातली आणि शेजारपाजारची भांडणं कमी झाली होती. वाचलेला वेळ त्यांनी विसाव्यात, गप्पांत, माणसांत घालवला. हे वाचून 'बघा, सुख वाढलं' असं ओरडू नकोस. तिथे सुख कुणी वाटलं नव्हतं. खेप काढली होती आणि वाचलेला तास ज्याचा त्याच्याकडे राहिला होता.

हा तास कुणाच्या पदरात पडतो, हे तुझ्या गावात कुणी पाहिलेलं नाही. मला वाटतं त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रोजचे अडीच तास पाण्यात जात होते, ते वाचले. मग ते गेले कुठे? खुरपणीची मजुरी आली असेल तर ते पैसे कुणाच्या हातात पडतात? घरात दोन म्हशी आल्या असतील आणि त्यांचं शेणपाणी तिच्याच वाट्याला आलं असेल, तर खेप गेलीच नाही, तिने कपडे बदलले एवढंच. हंड्याच्या जागी पाटी आली. वीस घरं निवड : वरची आळी, खालची आळी, भूमिहीन, एकटी बाई, वस्तीवरचं शेवटचं घर, सगळी धर. प्रत्येक घरातल्या बाईचा एक दिवस पहाटेपासून झोपेपर्यंत तासातासाने लिहून काढ. तिच्या तोंडून, आणि घरातलं दुसरं कुणी समोर नसताना. शाळेच्या वयाच्या मुलींचाही लिही. मग तुला दिसेल की काही घरांत त्रास गेलेला नाही, त्याने जागा बदलली. अशा घरात सुखाचा आकडा का हलावा? हलला असता तर मला संशय आला असता.

दोन आळ्यांच्या भांडणाचंही तसंच. तू त्याला 'माणसाचा स्वभाव' म्हणतेस. इतक्या लहान वयात असं लिहू नकोस. स्वभावाकडे जाण्याआधी बादली घेऊन जा. 15 लिटरची बादली आणि घड्याळ घे, वरच्या आळीचा पहिला नळ आणि खालच्या आळीचा शेवटचा नळ एकाच दिवशी मोज. पहिल्या नळावर बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला 10 लिटर येतात, पाच जणांच्या घराचे 275 लिटर अर्ध्या तासाच्या आत भरतात. शेवटच्या नळावर त्याच बादलीला पाच मिनिटं लागत असतील तर मिनिटाला 3 लिटर येतात. पाणी पाऊण तास सोडत असतील तर त्या घरात 135 लिटर जातात, माणशी 27. कागदावर दोन्ही घरं 'नळजोडणी झालेली' आहेत. खालची आळी काय कुचकी आहे म्हणून भांडते का? तिला निम्मं पाणी मिळतं म्हणून भांडते.

कारणंही ठरलेली असतात. वरच्या घरांना तोट्या नसतात, किंवा असून काढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे पाणी भरून झालं तरी वाहत राहतं. कुणीतरी जोडणीला अर्ध्या एचपीची मोटर लावून ओढतो. सगळ्या गावाला एकाच वेळी सोडलं जातं, कारण आळीवार व्हॉल्व्ह आराखड्यात होते आणि बसवलेच नाहीत, किंवा बसवले ते मातीखाली गेले. क्रम असा ठेव : आधी तोट्या, मग व्हॉल्व्ह शोधून उघडे करणं, मग आळीवार पाळी, आणि शेवटी मोटारीवाल्याशी बोलणं. लोक उलट्या क्रमाने जातात. पहिल्याच दिवशी मोटर जप्त करायला निघतात आणि गाव दुभंगून बसतं. तोटीपासून सुरू केलंस तर अर्धी भांडणं मोटारीपर्यंत पोचतच नाहीत.

न्याय्य वाटप हे स्वभावाचं काम नाही, नियमाचं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा सर्वांत मोठं पाऊल बंधारा बांधण्याचं नव्हतं. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, माणसांच्या संख्येवर ठरवायचा, हे ते पाऊल होतं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. ऊस नाही. भूमिहीनांनाही वाटा. योजनेचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः भरायचा. या नियमांत सुख हा शब्द कुठे नाही, आणि म्हणूनच ते नियम आहेत. शेजाऱ्याकडे बघून होणारी जळजळ कुठल्याही योजनेने नाहीशी होत नाही. पण शेजाऱ्याला जास्त का, याचं उत्तर भिंतीवर लिहिलेलं असेल तर तिला खायला कमी मिळतं.

उसाचं म्हणशील तर एक हिशेब तोंडपाठ ठेव. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हजार माणसांच्या गावाला माणशी 55 लिटरने वर्षाला सुमारे 2 कोटी लिटर लागतं. उसाच्या पिकाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा धरलास तर एक हेक्टर ऊस म्हणजे तेच 2 कोटी लिटर. सगळ्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी आणि एका माणसाचा अडीच एकर ऊस समसमान आहेत. हिवरे बाजारात ऊस आणि केळी बंद, शेतीसाठी बोअर बंद, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे सरपंच असताना पोपटराव पवारांनी लोकांकडून पाळून घेतलं ते या हिशेबाच्या जोरावर. तुझ्या गावाच्या शिवारात पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत गेल्या दोन वर्षांत किती नवी बोअर पडली? हे मोजलं नाहीस तर येत्या तीनचार उन्हाळ्यांत टँकर परत येईल. तेव्हा सुखाचं सर्वेक्षण करायची गरजच उरणार नाही.

तू म्हणशील, ताई सगळं लिटरात मोजते, माणसाचं मन कुठे आहे? ठीक आहे. महाडला चल.

20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते महाडच्या परिषदेत काय म्हणाले, त्याचा आशय सांगते : या तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आपण जगलोच, पण आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला आपल्याला तळ्यावर जायचं आहे. बघ, पाण्याने सुख लागेल असं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. तो वायदाच केला नाही. त्या दिवशी पाणी प्यायलेल्यांना परतताना मार खावा लागला. तळ्याचा खटला दहा वर्षं चालला, उच्च न्यायालयाचा निकाल 1937 च्या मार्चमध्ये लागला. 0 ते 10 ची शिडी घेऊन त्या संध्याकाळी कुणी महाडात फिरलं असतं तर आकडा खालीच आला असता. म्हणून तो दिवस चुकीचा होता का?

आणि तिथेही खेपच होती. जवळचं तळं सोडून लांब जावं लागणं, आपल्या हाताने न भरता कुणी वरून ओतेल याची वाट पाहणं, ही जगातली सर्वांत लांब खेप आहे. टेपने तिचं अंतर निघत नाही. पण तुझ्या वहीत 'कुठल्या वस्तीवरून आली' आणि 'रांगेत किती वेळ' हे दोन रकाने असतील, तर आजही ती ओळखू येते. एकाच विहिरीवर, एकाच तासात, एका वस्तीच्या बायकांच्या चिठ्ठ्यांवर दहा मिनिटं आणि दुसऱ्या वस्तीच्या चिठ्ठ्यांवर चाळीस निघाली, तर काय चाललंय ते कुणी सांगायला नको. म्हणून म्हणते, खेपा मोज. मन त्यातच आहे.

आता नळ जिवंत ठेवण्याचं थोडं. कंटाळवाणं वाटेल, तरी वाच. योजना बांधकामाने मरत नाहीत, बिलाने मरतात. 5 एचपीची मोटर तासाला चार ते पाच युनिट खाते. रोज सहा तास चालली तर महिन्याला 720 ते 900 युनिट होतात. ती रक्कम, पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि मोटर जळली तर दुरुस्तीची पुंजी, या चारांची बेरीज करून तिला घरांच्या संख्येने भाग. जो आकडा येईल ती खरी पाणीपट्टी. ग्रामपंचायत लावते ती बहुधा त्याहून कमी असते, आणि लावते त्यातलीही पूर्ण वसूल होत नाही. हा फरक ग्रामसभेत फळ्यावर लिही. कुणाला दोष देऊ नकोस, फक्त लिही. पाणी सोडणाऱ्याचा पगार चार महिने थकला की तो ज्याच्याकडून चहा मिळतो त्याच्या आळीला जास्त वेळ सोडतो. हा त्याचा नीचपणा नाही, त्याचं पोट आहे.

इथे माझ्याकडून एक कबुली. आमच्या पिढीने सुख फार बोललं. बंधारे मोजले, टाक्या मोजल्या, फिती कापल्या, 'गाव सुखी झालं' असं भाषणांत सांगितलं, आणि शेवटच्या घरात बादली किती वेळात भरते हे बघायला गेलो नाही. त्यात मीही होते. सुखाचा वायदा केल्यामुळे दोन नुकसानं झाली. लोकांनी वायदा ऐकला, नळ पाहिला, आणि फसवणूक झाल्यासारखे आमच्याकडे पाहू लागले. आणि तुझ्यासारखी चांगली पोरं त्या वायद्यावर कामाला आली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सोडून गेली. म्हणून मी या एका गोष्टीवर हटून बसते. हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. वायदा करायचा तर जो वहीत तपासता येईल तोच. तुझ्या खेपा पाचाच्या शून्य होतील, तुझ्या मुलीची शाळा पाण्यासाठी बुडणार नाही, शेवटच्या घराला पहिल्या घराएवढं पाणी मिळेल. या तीन गोष्टींचा वायदा करता येतो आणि तो मोडला तर गावाला आपली कॉलर धरता येते. सुखाचा वायदा मोडला तर धरायला काहीच नसतं.

माणूस सुखी होईल की नाही, यात त्याचा नवरा आहे, त्याची पोरं आहेत, कांद्याचा भाव आहे, पोराचं लग्न जमत नाही हे आहे, मेलेली आई आहे. त्यात हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि पोरी, तो नाही हे बरं आहे. नळ मिळाल्यावर दुःखी राहण्याचाही त्या बाईला हक्क आहे. तिचं दुःख आता तिचं स्वतःचं असेल, विहिरीने लादलेलं नसेल.

तू काम सोडायचं म्हणतेस. सोडायचं असेल तर सोड, पण 'लोक सुखी झाले नाहीत' हे कारण देऊन नको. थकलीस म्हणून सोडलंस तर मी समजू शकते. थकली असशील तर आठ दिवस इकडे ये, झोप, कुणी काही विचारणार नाही. पण त्याआधी मेची मोजणी उरक. बाजाराचा दिवस सोडून, पहाटे चारपासून. वीस घरांचे दिवस लिहून काढ, त्यात तुला प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईचं घर पहिलं घे. आणि खालच्या आळीच्या शेवटच्या नळाखाली तीन दिवस बादली लावून सेकंद लिहून मला पाठव. तिन्ही दिवसांचे वेगवेगळे, सरासरी नको.

तुझी,
ताई

ता. क. दोन गोष्टी राहिल्या. टाकी 50,000 लिटरची आहे म्हणतेस, तर हजार लिटरला 5 ग्रॅमप्रमाणे 250 ग्रॅम टीसीएल लागेल. पावडर थेट टाकीत टाकू देऊ नकोस. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच ओतायची, आणि अर्ध्या तासाने पाणी सोडायचं. उघड्या पोत्यातली पावडर महिनाभरात मऊ पडते, तिला वास येत नसेल तर ती बदला. शेवटच्या नळावर क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे. क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीत पाणी पिवळसर झालं नाही तर त्याच दिवशी पाणी सोडणाऱ्याला दाखव. दुसरं, नळ आला म्हणजे सांडपाणी आलं. पाच जणांच्या घरातून रोज सुमारे 220 लिटर बाहेर पडतं आणि पहिल्या पावसाआधी त्याची सोय झाली नाही तर डास होतात आणि मग नळालाच शिव्या बसतात. एक मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा पुरतो, पण तुमच्याकडे काळी माती आहे, ती पाणी शोषत नाही. मुरूम लागेपर्यंत खोल जा, आणि विहिरीपासून 15 मीटरच्या आत कुणाला खणू देऊ नकोस.